सिस्टर म्हणजे बहीण

रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात पाऊल टाकले की आपले निम्मे गोत एका जागी भेटते. फरशी पुसणारी, भांडे देणारी ती मावशी. चाकाची गाडी ढकलणारा, ऑक्सिजनचे नळकांडे ओढीत आणणारा तो मामा. सुई टोचणारी, औषध देणारी ती सिस्टर. आणि अलीकडे या कामाला पुरुषही येऊ लागले आहेत, ते अर्थातच ब्रदर. एवढ्या गोतावळ्यात डॉक्टर तेवढे डॉक्टरच राहतात. त्यांना काका म्हणण्याचे धाडस अजून कोणी केलेले माझ्या ऐकिवात नाही!

यांतली मावशी आणि मामा आपल्या घरची आहेत. माणूस दुखण्याने हवालदिल झाला की त्याला आईच्या माहेरची माणसे आठवतात, हे समजण्यासारखे आहे. पण ही सिस्टर कोठली? आपल्याकडे ताई आहे, माई आहे, अक्का आहे. एवढ्या बहिणी घरात असताना ही इंग्रजी बहीण आपण कोठून आणली? सरकारने आपल्या परीने शब्द बदलून पाहिला. २०१६ साली केंद्र सरकारच्या रुग्णालयांत 'स्टाफ नर्स' हे पदनाम जाऊन 'नर्सिंग ऑफिसर' आले. आपल्या राज्यात कागदोपत्री 'अधिपरिचारिका' असा भारदस्त शब्द आहे. पण रात्री दोन वाजता सलाईनची बाटली संपत आली म्हणजे "अहो अधिपरिचारिका" अशी हाक मारणारा रुग्ण मी पाहिलेला नाही. हाक एकच: "सिस्टर!"

सणासुदीच्या अंकात हा दुखण्याखुपण्याचा विषय कशाला, असे वाचक म्हणतील. पण दिवाळीत भाऊबीज येते, आणि बहिणीची गोष्ट काढायला याहून चांगला मुहूर्त मला तरी ठाऊक नाही. शिवाय ही गोष्ट मोठी रंजक आहे.

ही बहीण मुळात खरोखरीच धर्मभगिनी होती. कॅथलिक पंथात व्रते घेतलेल्या स्त्रीला सिस्टर म्हणतात. एके काळी युरोपात अशा स्त्रियांनी मठाच्या भिंतीआड राहावे, अशी रीत होती. १६३३ साली पॅरिसला व्हिन्सेंट द पॉल हे धर्मगुरू आणि लुईझ द मारिलाक ही विधवा बाई यांनी ती रीत बाजूला ठेवली. त्यांच्या 'डॉटर्स ऑफ चॅरिटी' संघातल्या मुली, पुष्कळशा शेतकऱ्यांघरच्या, रस्त्यांतून हिंडून गरिबांच्या खाटांपाशी जाऊ लागल्या. इंग्लंडात तर हा शब्द त्याहून जुना. लंडनचे सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालय बाराव्या शतकात मठाच्या जोडीने सुरू झाले. शुश्रूषा करणाऱ्या स्त्रिया तिथल्या सिस्टर. सोळाव्या शतकात राजाने मठ मोडले, धर्म पालटला, पण वॉर्डातला सिस्टर हा शब्द काही गेला नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाई १८५४ साली क्रिमियाच्या लढाईतील जखमींसाठी निघाल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर ३८ परिचारिका होत्या. त्यांतल्या १० कॅथलिक धर्मभगिनी होत्या. नर्सिंगच्या शास्त्राचा जन्म त्या प्रवासात झाला असे आपण मानतो, पण त्या जहाजावर शुश्रूषेची जुनी सवय असलेले हात या भगिनींचेही होते. इंग्रजांबरोबर हा शब्द आपल्या रुग्णालयांत आला आणि येथे मुक्कामाला राहिला.

मी राहतो नशिराबादला. एका बाजूला जळगाव, दुसऱ्या बाजूला भुसावळ, आणि मधून सतत धावणारा हमरस्ता. आमच्या गावात या भगिनींनी उभारलेले रुग्णालय नाही. पण भुसावळच्या फलाटावर जी पंजाब मेल येऊन उभी राहते, तिचा या गोष्टीशी थोडा संबंध आहे. १९१२ साली सुरू झालेली ही गाडी आज फिरोजपूरला थांबते. फाळणीपूर्वी ती थेट पेशावरपर्यंत जात असे. त्या वाटेवर रावळपिंडी लागे. आपल्या देशातल्या 'होली फॅमिली' नावाच्या रुग्णालयांची मूळकथा त्या रावळपिंडीची आहे.

कथेची नायिका ७२ वर्षांची आहे. ॲग्नेस मॅक्लॅरन तिचे नाव. जन्म १८३७, गाव एडिंबरा. वडील पार्लमेंटचे सभासद. स्त्रियांना मताचा हक्क मिळावा म्हणून चालू असलेल्या चळवळीत ही मुलगी वाढली. डॉक्टर व्हावे असे तिच्या मनाने घेतले, तर मायदेशी मुलींना वैद्यकीचे दरवाजे बंद. ती फ्रान्सला गेली आणि १८७८ साली माँपेलिए विद्यापीठाची पदवी घेऊन बाहेर पडली. त्या पुरातन विद्यापीठाची ती पहिली स्त्री-डॉक्टर. साठीच्या उंबरठ्यावर, १८९८ साली, तिने कॅथलिक पंथ स्वीकारला. पुढे तिच्या कानांवर उत्तर हिंदुस्थानची हकीगत आली: पडद्यातल्या बाया बाळंतपणात अडतात, पुरुष डॉक्टरला घरात येऊ देत नाहीत, आणि स्त्री-डॉक्टर नाही म्हणून मरतात. ज्या वयात आपल्याकडची माणसे काशीयात्रेचा बेत करतात, त्या वयात ही बाई रावळपिंडीला आली. १९०९ साली तेथे सेंट कॅथरिन्स हे बायकामुलांचे रुग्णालय सुरू झाले. शुश्रूषेला 'फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी' या संघाच्या भगिनी होत्या. हा संघ १८७७ साली उटकमंडला जन्मलेला, म्हणजे एका अर्थी आपल्याच मातीतला.

रुग्णालय झाले, नर्स झाल्या. डॉक्टर कोठून आणावी? येथे एक विलक्षण अडचण होती. धर्मभगिनींनी रुग्णाची सेवा करावी. पण डॉक्टरकी करू नये, बाळंतपणाला तर हातही लावू नये, असे खुद्द चर्चचे नियम होते. ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या स्त्रीने सुइणीचे काम करणे त्या काळच्या धर्ममार्तंडांना अनुचित वाटे. म्हणजे पहा: अडलेल्या बाईला पुरुष डॉक्टर चालत नाही, कारण तिच्या घरची रीत, आणि स्त्री-डॉक्टर होण्यास जी भगिनी तयार आहे तिला परवानगी नाही, कारण तिच्या धर्माची रीत. दोन रिती समोरासमोर उभ्या, आणि मधल्या मध्ये बाळंतीण मरते! मॅक्लॅरनबाईंनी रोमला अर्जविनंत्या केल्या. नियम हलला नाही. १९१३ साली त्या वारल्या.

पण वारण्यापूर्वी त्यांनी पत्रे लिहिली होती. ऑस्ट्रियातल्या टिरोल प्रांतात ॲना डेंगेल नावाची एक मुलगी होती. तिने या बाईंविषयी ऐकले आणि पत्र पाठवले; उत्तर आले. दोघींची भेट कधीच झाली नाही. त्या पत्रांच्या आधारावर ही मुलगी आयर्लंडात कॉर्कला जाऊन १९१९ साली डॉक्टर झाली आणि १९२० साली रावळपिंडीला रुजू झाली. तिकडे ऑस्ट्रेलियात मेरी ग्लाउरी ही तरुण डॉक्टर १९१५ साली मॅक्लॅरनबाईंच्या कार्याविषयीचे एक छोटेसे पत्रक वाचत होती. मेलबर्नमधला चांगला चाललेला व्यवसाय सोडून तीही १९२० साली हिंदुस्थानात आली, आंध्रातल्या गुंटूरला धर्मसंघात दाखल झाली, आणि पोपची खास परवानगी मिळवून भगिनी असूनही डॉक्टरकी करू लागली. गुंटूरचे सेंट जोसेफ्स रुग्णालय तिच्या हातांनी वाढले. स्थानिक मुलींना तिने नर्स, सुईण, कंपाउंडर होण्याचे शिक्षण दिले. १९४३ साली देशभरातल्या कॅथलिक रुग्णालयांची संघटनाही तिनेच उभारली, आणि १९५७ साली बंगलोरला तिने देह ठेवला. एका म्हाताऱ्या बाईची काही पत्रे आणि एक पत्रक. एवढ्या भांडवलावर दोन खंडांतून दोन डॉक्टर एकाच वर्षी आपल्या देशात आल्या.

डेंगेलबाई रावळपिंडीत काही वर्षे राबल्या आणि त्यांच्या ध्यानात आले की एकटीदुकटीचे हे काम नाही. त्या अमेरिकेला गेल्या. ३० सप्टेंबर १९२५ रोजी वॉशिंग्टनला चौघींनी मिळून 'मेडिकल मिशन सिस्टर्स' हा संघ सुरू केला: दोन डॉक्टर आणि दोन नर्स. नियम आड येत होता म्हणून त्यांनी उघड व्रतेच घेतली नाहीत. भगिनींसारख्या राहिल्या, नावाला संसारी ठरल्या. पाहता पाहता रावळपिंडीत 'होली फॅमिली' हे त्यांचे रुग्णालय उभे राहिले. शेवटी ११ फेब्रुवारी १९३६ रोजी रोमहून आज्ञापत्र निघाले, आणि धर्मभगिनींना वैद्यकी व सुइणीचे काम करण्याची नुसती मुभाच नव्हे तर प्रोत्साहन मिळाले. मॅक्लॅरनबाईंना जाऊन तोपर्यंत २३ वर्षे झाली होती.

पुढे याच संघाने पाटण्याला, दिल्लीला होली फॅमिली नावाची रुग्णालये काढली. रावळपिंडीचे रुग्णालय फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९७७ साली तेथील सरकारने ते आपल्या ताब्यात घेतले. आज ते सरकारी आहे, वैद्यकीय विद्यार्थी तेथे शिकतात. पण नाव होली फॅमिलीच राहिले आहे. आपल्याकडे मुंबईकराला अंधेरीचे होली स्पिरिट ठाऊक असते. महाकाली गुंफांच्या रस्त्यावरचे हे रुग्णालय १९६७ साली होली स्पिरिट संघाच्या भगिनींनी सुरू केले. हा संघ १८८९ साली हॉलंडमधल्या स्टाइल या खेड्यात निघालेला. कोणत्या खेड्यातली ज्योत कोठे येऊन दिवा लावील, सांगता येत नाही.

आता एक प्रश्न मनात येतोच, तो मोकळेपणाने बोललेला बरा. या बाया धर्म वाढविण्याच्या ओढीने आल्या होत्या ना? होय, त्यांच्या घरून निघण्यामागे धर्म होता, हे झाकण्यात अर्थ नाही. आणि आपल्या लोकांना त्याची धास्ती वाटे, तीही अकारण नव्हती. आमच्या आनंदीबाई जोश्यांनी १८८३ साली श्रीरामपूरला, म्हणजे बंगालमधल्या, भाषण केले तेव्हा हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांना सांगावे लागले ते याच धास्तीपायी. पण त्याच भाषणातले त्यांचे दुखणे काय होते? आपल्या देशात स्त्री-डॉक्टरांची नड आहे, हेच. दहा दिवसांचे पोर हातातून गेलेल्या कल्याणच्या त्या मुलीने जे पाहिले, तेच एडिंबऱ्याच्या म्हातारीने पाहिले. एकीने देव्हाऱ्यातल्या देवाचे नाव घेतले, दुसरीने क्रुसावरच्या. अडलेल्या बाईची वेदना मात्र एकाच जातीची होती.

आणि या सेवेने धर्माच्याच काय, देशाच्याही भिंती ओलांडलेल्या आहेत. आम्हां खानदेशकरांना इंदूर परके नाही. होळकरांच्या त्या नगरीत मराठी घरे पुष्कळ. हिंदीचे नामवंत लेखक कन्हैयालाल मिश्र 'प्रभाकर' १९५१ साली इंदूरला गेले असता, ज्यांच्या घरी ते उतरले होते त्या घरची बाई आजारी पडून तिथल्या रॉबर्ट नर्सिंग होममध्ये दाखल झाली. त्यांनी तेथे पाहिले, ते लिहून ठेवले आहे. हिंदी शाळांतली मुले तो लेख वाचत आली आहेत. एक मदर फ्रान्सची, एक तरुण सिस्टर जर्मनीची. महायुद्ध संपून जेमतेम सहा वर्षे झालेली. जर्मन फौजांनी ज्या देशाला टाचेखाली धरले तिथली बाई आणि त्या जर्मनीची पोर, दोघी एकाच रुग्णाच्या उशापायथ्याशी. लेखकाने मुद्दाम खोचून विचारले, तरी त्या दोघींत वैराची रेघ काही त्याला सापडली नाही.

हे सगळे वाचून आपण म्हणू, धन्य त्या माउल्या! आणि पान उलटून शंकरपाळ्यांच्या डब्याकडे वळू. पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती येथून पुढे आहे.

या भगिनींनी केले काय? औषधे त्यांच्या आधीही होती, डॉक्टरही होते. त्यांनी केले ते हे की रुग्णाचे अंग पुसणे, त्याला कुशीवर वळवणे, पडून पडून पाठीला जखमा होऊ न देणे, त्याचे भांडे काढणे, रात्रभर त्याच्या श्वासाकडे कान लावून बसणे, ही कामे त्यांनी पूजेच्या पंक्तीला नेऊन बसवली. जगात ही कामे कोणाची मानली जात? दासीची, मोलकरणीची. आपल्याकडे तर स्पृश्यास्पृश्य आणि सोवळेओवळे यांचे कुंपण वेगळेच. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगाने गेल्या. पण असे उदाहरण विरळा. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले आणि पुढे तेथल्या बायकांना नर्सिंगच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले, तेव्हा सभ्य घरच्या बायकांनी हे काम करावे काय, हा मोठा गहन प्रश्न होता. त्याच सुमारास, १९०६ साली, स्वित्झर्लंडच्या होली क्रॉस संघाच्या भगिनी त्रावणकोरच्या सरकारी रुग्णालयात शुश्रूषेसाठी आल्या. तिथल्या ख्रिस्ती घरांतल्या मुलींनी पाहिले की मदर ज्या कामाला लाजत नाही, त्या कामात लाज कसली? पुढे मुंबईपुण्याच्या वॉर्डावॉर्डांतून आपल्याला मल्याळी सिस्टर भेटू लागली, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

म्हणजे त्या भगिनींच्या झग्यामुळे कामाला मान आला. पण तो मान झग्यालाच चिकटून राहिला की काय, अशी मला शंका येते. शब्द आपण उचलला. त्या शब्दामागचा मान, साध्या साडीतल्या वा पांढऱ्या सलवार-कुडत्यातल्या आपल्याच मुलीला द्यायचा राहून गेला.

आमच्या आळीतल्या एका मुलीचे सांगतो. केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्या आईबापांची पोर; नर्सिंगचे शिक्षण पुरे करून एका रुग्णालयात लागली. यंदाच्या उन्हाळ्यात तिला एक स्थळ सांगून आले. शहरातले, सुशिक्षित, तुमच्याआमच्यासारखे घर. मुलाचे काका माझ्या ओळखीचे, म्हणून ते माझ्याकडे चहाला आले.

"मुलगी उत्तम आहे, आबासाहेब," ते म्हणाले. "आम्हांला पसंत आहे. फक्त ते नर्सिंग लग्नानंतर सोडील ना?"

"का बरे सोडावे, भाऊसाहेब?"

"आता तुम्हांला काय सांगायचे! रात्रपाळ्या, परक्या पुरुषांचे अंग पुसायचे, मलमूत्र काढायचे. उद्या चार पाहुण्यांत सून काय करते म्हणून सांगावे?"

मी विचारले, "गेल्या साली तुमच्या मातोश्रींचा खुबा मोडला होता. किती दिवस होत्या रुग्णालयात?"

"एकोणीस."

"त्यांचे कोण काढीत होते?"

"सिस्टर," ते म्हणाले. "फार देवमाणसे हो! एक तर रोज आईची वेणी घालून द्यायची. आई अजून तिची आठवण काढते."

एवढे बोलून ते थांबले. मीही काही बोललो नाही. चहा निवत होता, तो त्यांनी घेतला आणि विषय कापसाच्या भावावर नेला.

संध्याकाळी मुलगी आली. मी झालेले बोलणे जसेच्या तसे सांगितले. ती रागावली नाही की रडली नाही. म्हणाली, "आबा, त्यांना सांगा, आजींचा पाय दुखत असला तर मी जाऊन पाहून येईन. लग्नाचे राहू द्या." शेजारची म्हातारी ओसरीवर बसून ऐकत होती, ती म्हणाली, "बरं केलं व माय!" स्थळ तेथेच संपले.

वाचकहो, भाऊसाहेब वाईट माणूस नव्हेत. आईची सेवा करणारीला ते देवमाणूस म्हणतात, आणि ते मनापासून म्हणतात. अडचण तीच आहे. देवमाणूस म्हटले की तिला देव्हाऱ्यात बसवता येते, पानावर घ्यावे लागत नाही. धर्मभगिनीला हा प्रश्नच नव्हता. तिला लग्न करायचे नव्हते, सासर पाहायचे नव्हते, पाहुण्यांत मिरवायचे नव्हते. आपल्या मुलीला हे सारे हवे आहे आणि ते हवे असणे यथायोग्य आहे.

दुसरी गोष्ट पगाराची. धर्मभगिनीने दारिद्र्याचे व्रत घेतलेले असे. तिच्या पोटाची, म्हातारपणाची काळजी संघाला. त्यामुळे नकळत एक समज रुजला की शुश्रूषा हा त्याग आहे आणि त्यागाला दाम मागू नये. या समजाचा फायदा घेणारे पुष्कळ निघाले. छोट्यामोठ्या खासगी रुग्णालयांतून मुलींना इतका तुटपुंजा पगार मिळे की गाऱ्हाणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाच्या आदेशावरून २०१६ साली केंद्र सरकारने समिती नेमली. समितीने सांगितले: २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयाने सरकारी नर्सइतकाच पगार द्यावा, आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयानेही दरमहा २०,००० रुपयांखाली जाऊ नये. शिफारस कागदावर उत्तम आहे. आपापल्या गावच्या दवाखान्यात ती कितपत पाळली जाते, हे वाचकांनी एखाद्या सिस्टरला हळूच विचारून पाहावे. व्रत घेतलेल्या बाईचा त्याग ही तिची मर्जी होती. घरभाडे भरणाऱ्या मुलीवर तो परस्पर लादणे हा आपला अप्पलपोटेपणा आहे.

तेव्हा या रुग्णालयांचा वारसा म्हणजे काय, असे कोणी विचारले तर मी दगडी कमानी, घंटा आणि भिंतीवरच्या तसबिरी दाखवणार नाही. रावळपिंडीची इमारत तर सरहद्दीपलीकडे गेली. आज अशा रुग्णालयांच्या वॉर्डांतूनही बहुतेक काम साध्या, संसारी मुलीच करतात. मॅक्लॅरनबाईंनी मागे ठेवली ती एक समजूत: अडलेल्या माणसाच्या अंगाला हात लावणे हे कमी प्रतीचे काम नाही. त्यांच्याच चर्चला हे पटायला १९३६ साल उजाडावे लागले. पण पटले, आणि नियम बदलला. आपल्या घरातला नियम बदलायला रोमहून आज्ञापत्र येण्याची गरज नाही. तो स्वयंपाकघरात, मुलीचे स्थळ पाहताना, दवाखान्याचे बिल भरताना आपला आपल्याला बदलता येतो.

भाऊबीज तोंडावर आली आहे. त्या दिवशी कचेऱ्या बंद. भाऊ बहिणींकडे जायला निघालेले असतात आणि एस.टी.त उभे राहायला जागा नसते. वॉर्ड मात्र उघडा असतो. तेथे कोणाची तरी बहीण सकाळच्या पाळीला आलेली असते. तिचा भाऊ घरी वाट पाहत असतो, आणि ती तुमच्याआमच्या भावाच्या हाताची नाडी धरून घड्याळाकडे पाहत उभी असते. त्या दिवशी कोणी आपला माणूस रुग्णालयात असला, तर निघताना फराळाचा एक डबा जास्तीचा घ्या. तिला नुसते सिस्टर न म्हणता तिचे नाव विचारा. आणि घरात उपवर मुलगा असला व कोणी नर्सचे स्थळ सुचवले, तर "नोकरी सोडील ना?" एवढा प्रश्न तेवढा विचारू नका.

बहीण म्हणून हाक मारली आहे. ओवाळणी घालायला हवी.